पांढरी कडी, काळी पट्टी

मामा,

तुमची नात उद्या सकाळी विमान उडवणार आहे. विकत घेतलेलं नाही, स्वतः बांधलेलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी, एकेक रिव्हेट ठोकून बांधलेलं. तुम्ही असता तर एव्हाना उमरग्याच्या एसटी स्टँडवर ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना ही बातमी लागली असती, आणि वर 'इंजन माझ्या सुनंनं भरलंय' हेही तुम्ही ठोकून दिलं असतं. ते काही अगदीच खोटं ठरलं नसतं. इंजिन आम्ही दोघींनी मिळून उघडलं आणि मिळूनच बंद केलं. मी इथं ऑस्ट्रेलियात तिच्याकडे आले की गावाकडच्या लोकांना वाटतं, आई लेकीचं स्वयंपाकपाणी बघायला गेली. स्वयंपाक जावई करतो, आणि माझ्यापेक्षा बरा करतो. मी शेडमध्ये असते. आज ती कामावर गेली आहे, विमान तयार होऊन उभं आहे आणि माझ्या हातांना काही काम उरलेलं नाही. रिकामे हात मला सोसत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून हा कागद घेतला.

आधी तुम्हाला इंजिन सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं काही ऐकायचे नाहीत. ते एका जुन्या जपानी मोटारीतलं आहे. आपल्या डिझेल इंजिनात दट्ट्या वरखाली होतो. ह्यात दट्ट्याच नाही. आतली पोकळी भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखी, आणि तिच्यात एक तिकोनी गाभा गरगर फिरतो. असे दोन गाभे, एकामागे एक. प्रत्येकाच्या तिन्ही टोकांना एकेक खाच, खाचेत बोटभर लांबीची पातळ पट्टी, आणि पट्टीखाली तिला बाहेर रेटणारी स्प्रिंग. पट्टी भिंतीला घासत फिरते आणि एका कप्प्यातला दाब दुसऱ्या कप्प्यात जाऊ देत नाही. हेच ते सील. ते धड असलं तर इंजिनात दम, ते गेलं की दम गेला. मोटारीत गेलं तर माणूस गाडी कडेला लावतो आणि कंपनीला शिव्या देतो. विमान कडेला लावता येत नाही.

गेल्या महिन्यात तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तीन प्रकारच्या पट्ट्या शेजारीशेजारी मांडल्या. एक इंजिनाबरोबर आलेली, बिडाची. दुसरी सिरॅमिकची, काळी, काचेसारखी गुळगुळीत, हातात आहे की नाही कळू नये इतकी हलकी. तिसरी पोलादाची, पण जरा नरम पोलादाची, दिसायला कोणी ढुंकूनही बघू नये अशी. म्हणाली, "आई, उडवणार मी, पण सील तू निवड. जन्मभर दुकानात तू हेच केलंस." बोलता बोलता तिचा हात मात्र सारखा काळ्या पट्टीकडे जात होता. "ही झिजतच नाही गं. तेल थोडं कमी पडलं तरी चालवून घेते. इंजिन वर्षानुवर्षं उघडायला नको." तो हात बघून मला हसू आलं. तो हात मी आधी पाहिला होता. मी तिला म्हटलं, मला दोन दिवस दे.

लग्न होऊन मी आपल्या घरी आले तेव्हा तुमच्याबद्दल दोन गोष्टी लगेच कळल्या होत्या. गावच्या सोसायटीची उपसा योजना, तिचा पंप तुमच्या हातात होता, ही एक. आणि नवं काही दिसलं की तुम्हाला राहवत नसे, ही दुसरी. भर उन्हाळ्यात तुम्ही नायलॉनचा सदरा घालून घामानं निथळत हिंडायचात, कारण तो सोलापूरहून आणलेला होता आणि त्याला इस्त्री लागत नव्हती. गावात पहिला कुकर आपल्याच घरी आला, तोही आत्या नको नको म्हणत असताना. तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही चक्क स्वयंपाकघरात मांडी घालून बसला आहात, मी कोपऱ्यात डोईवरून पदर ओढून. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून मी हातभर अंतरावर असूनही तुम्ही सगळं आत्यांना सांगता आहात. "तिला सांग, हे रबर वाफ धरून ठेवतंय. आन् हे बारकं बटन हाय न्हवं, त्याला कवाच हात लावायचा न्हाय. लई तापलं की ते सोता वितळून जातंय, पर भांडं फुटू देत न्हाय. सांग तिला." तेवढ्यात पहिली शिट्टी झाली आणि आत्या माहेरच्या कानडीत "साकु, साकु," म्हणजे पुरे आता, असं ओरडत अंगणात पळाल्या. तुम्ही आणि मी दोघंच उरलो, आणि बोलायचं कुणी हे न कळल्यामुळे दुसरी शिट्टी होईपर्यंत दोघंही कुकरकडे बघत बसलो.

पंपघरात मी येऊ लागले ती तुमची भाकरी घेऊन. पंपाचा दांडा जिथून बाहेर निघतो तिथं त्याच्याभोवती ग्रीस चोपडलेल्या दोरीचे वेढे भरलेले असायचे, दोन नटांनी आवळलेले. त्याला तुम्ही ग्लँड म्हणायचात. तिथून सतत पाणी गळायचं, थेंब थेंब. खाली एक घागर ठेवलेली असे. ती भरली की ज्या घरी बाळंतीण असेल त्या घरी जायची; गळतीच्या घागरीवर हक्क बाळंतिणीचा, हे गावात कुणीही न ठरवता ठरून गेलं होतं. मला मात्र ती गळती बघवत नसे. माझ्या माहेरी नळ गळला तर चिंधी बांधायचे. एक दिवस तुम्ही बाहेर व्हॉल्व्हवर होतात, पाना तिथंच पडलेला, मी दोन्ही नट आवळले आणि थेंब थांबवला. स्वतःवर फार खूश झाले. तुम्ही आत आलात, एकदा ग्लँडकडे बघितलंत आणि ओरडलात, "हात काड! पानी वाचवाया निघालीस अन् पंप जाळतीस व्हय? गळू दे त्येला. गळतंय तवर जित्तं हाय ते!" तुम्ही माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. नट सैल केलेत आणि मला म्हणालात, "हात ठिव हितं. ठिववतोय? मंग बरं हाय. चटका बसला की समज, दोरी आवळली." मी तळवा ठेवला. लोखंड गार होतं आणि बोटांवरून थेंब ओघळत होते. मग आपण दोघंही एकदम ओशाळलो. तुम्ही भाकरीचं फडकं सोडत म्हणालात, "घरी तुझ्या आत्याला सांगू नगंस, म्या वरडलो म्हून." मी मान हलवली.

पुढं तिसऱ्या उन्हाळ्यात तलाव आटला. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आणि आत्यांनी खडी फोडून, सुकडी खाऊन जो तलाव बांधला होता, तोच. सोसायटीनं सभा घेऊन शेतीचं पाणी बंद केलं आणि जेवढं आहे तेवढं फक्त गावच्या टाकीत सोडायचं ठरवलं. त्यानंतर ती गळती लोकांच्या डोळ्यांत सलू लागली. माणसं मुद्दाम पंपघरात येऊन तिच्याकडे बघत उभी राहायची. "गावाला घागर मिळंना, अन् हितं बगा, चाललंय आपलं टपक टपक." घागर भरून बाळंतिणीच्या घरी जाते हे ज्यांना ठाऊक होतं तेही बोलायचे. चेअरमन बोलले. तुम्ही सगळ्यांना समजावून सांगत होतात, थेंबानं दोरी गार राहते, थेंब थांबला तर दांडा जळेल. पण रोज तेच ऐकून ऐकून हळूहळू तुमचीच नजर बदलली. एकदा मी भाकरी घेऊन आले तर तुम्ही गळतीखाली ओंजळ धरून बसला होतात आणि भरलेल्या ओंजळीकडे बघत होतात. मी आल्याचंही तुम्हाला कळलं नाही.

मग तुम्ही सोलापूरला गेलात आणि ते मेकॅनिकल सील घेऊन आलात. घरी येऊन कापसातून काढून दाखवलंत. एक काळी कार्बनची चकती, एक स्प्रिंग आणि एक पांढरीशुभ्र सिरॅमिकची कडी. दोन्ही एकमेकींवर घासत फिरणार आणि एक थेंब बाहेर येणार नाही. तुमचे डोळे कुकरच्या दिवशी होते तसे लुकलुकत होते. "झिजतच न्हाय म्हनं," तुम्ही म्हणालात. आत्यांनी कडी हातातही घेतली नाही. "आन् बाळंतिणीच्या घागरीचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. "टाकीतनं देऊ की भरून," तुम्ही म्हणालात. सील बसवलं त्या दिवशी नारळ फुटला. सगळं गाव कोरडं ग्लँड बघून गेलं. एक म्हातारी तर खालच्या फरशीवरून हात फिरवून बघत होती, कुठं ओल आहे का. तुमची कॉलर ताठ. मीही मनातून खूश होते, खोटं कशाला बोलू.

ते चाललंही चांगलं. मग एक दिवस दुपारी मी पंपघराच्या दारात बसले होते आणि तुम्ही तलावाच्या तळाशी उतरून, पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर चढलेला गाळ हातानं उपसत होतात. पंप चालूच ठेवला होता. बंद केला असता तर पुन्हा सुरू करताना त्याला भरायला पाणी कुठून आणायचं? गाळामुळे पाण्याऐवजी हवा आत जात होती आणि पंप कोरडा फिरत होता. दोरी असती तर जळका वास सुटला असता, धूर निघाला असता, मी हाक मारली असती. त्या कडीनं काहीच कळवलं नाही. आत ती लालबुंद झाली असेल, बाहेर सगळं स्वच्छ आणि कोरडं. तुम्ही गाळ काढलात, पाण्याला वाट झाली, गार पाणी एकदम वर आलं आणि पंपातून एकच आवाज आला. टक्. त्यानंतर दांड्याच्या भोवतीनं पाण्याचं कारंजं उडालं आणि मी मोटार बंद करायला धावले.

तुम्ही चिखलानं भरलेले वर आलात. पंप उघडलात. पांढऱ्या कडीचे तुकडे दांड्यात अडकून त्याला खोल चरे पाडून गेले होते. चरे पडलेल्या दांड्यावर दोरीसुद्धा टिकत नाही. म्हणजे जुन्यावर परत जायची वाटही बंद. तुम्ही तुकडे तळहातावर गोळा केलेत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "झिजनार न्हाय, एवढंच म्या बगितलं. जाताना कशी जाती, ते इचारलंच न्हाय." टाकीत संध्याकाळपुरतंही पाणी नव्हतं आणि बायका घागरी घेऊन टाकीकडे निघालेल्या मला दारातून दिसत होत्या.

दांडा सोलापूरला गेला तो तिथंच अडकला. त्या उन्हाळ्यात तिथल्या प्रत्येक लेथसमोर गावोगावच्या पंपांची रांग होती. पाणी आता हायवेच्या पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं, ट्रकांच्या मधून. मला सातवा महिना होता. माहेरी तर त्याहून हाल, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी सासरीच राहिले होते. पहिल्या सकाळी मी घागर उचलली तर तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत आणि खांद्यावर ठेवून चालू लागलात. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस घागर घेऊन पाणवठ्यावर जात नाही, आणि तुम्ही तर सोसायटीचे फिटर, वर तो नायलॉनचा सदरा. लोक हसले. पारावरून कुणीतरी हाक मारली, "काय म्हातारबा, सुनंचं काम सासऱ्याला लागलं व्हय?" तुम्ही थांबलात, घागर खाली न ठेवता वळलात आणि साऱ्या पारानं ऐकावं असं म्हणालात, "पंप म्या बंद पाडलाय. पानी म्याच आनायचं." त्यानंतर रोज तुम्ही गेलात. आपली घागर झाली की शेजारच्या बाळंतिणीची न्यायचात. आत्या दारात उभ्या राहून तुमची वाट बघायच्या आणि तुम्ही दिसलात की आत जाऊन काहीतरी काम करत असल्यासारखं दाखवायच्या. तुमच्या पोटी जन्माला येऊनसुद्धा कुणाला एवढी माया मिळाली नसेल, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

दांडा आला, तुम्ही दोरी भरलीत, नट बोटानं फिरवून जरासे आवळलेत आणि पहिला थेंब पडला तेव्हा खाली घागर ठेवलीत. त्या फुटक्या कडीचे मोठे तुकडे तांब्याच्या तारेत ओवून पंपघराच्या दाराच्या खिळ्याला टांगलेत. आलेगेले विचारायचे, हे काय? "ही माझी हौस," तुम्ही सांगायचात, आणि सगळी हकिकत पहिल्यापासून. तुमची नात जन्मली तेव्हा गळतीची घागर आपल्याच घरी आली. तिची पहिली अंघोळ त्या पाण्यानं झाली. ती रांगायला लागली तेव्हा तुम्ही मला पंपघरात बोलावून, सायकलच्या आऱ्याचा केलेला, बाभळीच्या मुठीचा एक हूक हातात दिलात. जुनी दोरी खाचेतून ओढून काढायचा. "धर. आता ग्लँड तू भर. माझी नजर नव्यावर जाती," म्हणालात. पुढं आम्ही उमरग्याला हायवेच्या कडेला मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. तुमचा मुलगा गल्ल्यावर, मी आत पंपापाशी. तो हूक मी दुकानात वापरला. इथंही आणला आहे. ह्या इंजिनातली जुनी रबरी कडी खाचेतून मी त्यानंच काढली.

तर दोन दिवसांनी मी तुमच्या नातीला तुमचाच प्रश्न विचारला. "ही काळी पट्टी झिजत नाही, कबूल. जाते तेव्हा कशी जाते?" ती म्हणाली, "पेट्रोल नको त्या क्षणी पेटलं, इंजिनात ठोके बसले, तर फुटते. तुकडे भिंत ओरबाडतात, बाकीच्या पट्ट्यांनाही घेऊन जातात." "आणि ही नरम?" "ही वाकते. झिजते. दम कमी होत जातो, पण इंजिन फिरत राहतं. घरी परत येण्याइतकं फिरेल बहुतेक." बहुतेक, म्हणाली. मला आवडलं. मशिनबद्दल खात्रीनं बोलणाऱ्याची मला भीती वाटते. नरम पट्टी म्हणजे सगळं गोड असंही नाही. तिला तेल जास्त लागतं, ती कधी थरथरते आणि भिंतीवर बारीक रेघा उठवते. पण तिची एक खोड चांगली. ती झिजली की गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करायला गेलं तर ते कुरकुरतं. जमिनीवर असतानाच कुरकुरतं. तेवढी खबर मला पुरे होती.

"म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी उघडायचं?" तिनं तोंड वाकडं केलं. "उघडू की. मी येईन." "अस्सं! म्हणजे ह्याच्यासाठी होय!" ती हसायला लागली, मीही हसले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण तिचा हात पुन्हा त्या काळ्या पट्टीवर गेला. ती हलकी पट्टी तिनं बोटांवर तोलली, उजेडात धरली आणि मग एकदम विचारलं, "आई, आजोबांनी कुठली निवडली असती?" तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती. पंपघर त्याआधीच बंद पडलं होतं. दार गेलं, त्याच्याबरोबर खिळ्याला टांगलेले तुकडे गेले. तिला आठवतात ते पिकल्या केसांचे आजोबा, जे कुठलंही बिघडलेलं खेळणं दुरुस्त करून द्यायचे. तिच्या लेखी तुम्ही कधी चुकलाच नाहीत. मी नरम पट्टी उचलून तिच्यासमोर ठेवली. "हीच," म्हटलं. "डोळे झाकून हीच निवडली असती." तिनं काळी पट्टी डबीत ठेवली आणि झाकण लावलं. त्यानंतर तिनं एकदाही वाद घातला नाही.

पट्ट्या आम्ही बसवल्या. प्रत्येक पट्टी खाचेत घालून बोटानं दाबून सोडायची, स्प्रिंगनं ती सहज वर आली पाहिजे; एक जरी अडकली तरी पुन्हा काढून घासायची. ते काम तिनं मलाच करू दिलं. इंजिन जमिनीवर बांधून तासन्‌तास चालवलं. गरम असताना बंद केलं, लगेच सुरू केलं. पहिल्या फटक्यात लागलं, कुरकुर नाही. मी सवयीनं तळवा टेकवायला गेले तर ती ओरडली, "आई, हात काढ! भाजेल!" तिच्या तोंडून ते ऐकून मी तिथंच खाली बसले आणि मला रडू आलं. तिला वाटलं, भाजलं. पाणी आणायला धावली.

तिच्या विमानाला सीटा दोन आहेत, पण सुरुवातीच्या उड्डाणांत शेजारी कुणाला बसवायचं नाही असा नियम आहे. मी नियमाचे आभार मानले आहेत. उद्या मी धावपट्टीच्या कडेला उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकणार. मला भीती वाटते आहे, मामा. इंजिनाची फार नाही; निवडलं ते नीट विचार करून निवडलं, बसवलं तेही नीट. भीती वेगळीच आहे. तिनं ही पट्टी मान्य केली ती माझ्या प्रश्नामुळे नाही, तुमच्या नावामुळे. पारासमोर उभं राहून तुम्ही जे बोलू शकलात, ते मला एका लेकीसमोर, टेबलापाशी, बोलता आलं नाही.

हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाही. टेबलावर जुन्या बिडाच्या पट्ट्या तशाच पडल्या आहेत, त्या ह्यात गुंडाळून ठेवीन. तेल लागून अक्षरं जातील, जाऊ देत.

खरं तुम्हाला माहीतच आहे. ग्लँड माझ्या हातात देऊन टाकलात तरी तुमची नजर शेवटपर्यंत नव्यावरच जायची. ह्या टेबलाशी तुम्ही असता तर काळी पट्टीच उचलली असती, उजेडात धरली असती, आणि उद्या नियमाशी हुज्जत घालून तिच्या शेजारी जाऊन बसला असता. मी निवडलं ते तुमच्या विरुद्ध निवडलं, तुमच्याच कडीवरून शहाणी होऊन. तिला हे सांगायला हवं. सकाळी नको, सकाळी तिचं मन स्वच्छ असू दे.

ती खाली उतरली, की पहिलं हेच सांगते.